भाऊबीजेच्या बेताची मीमांसा

दिवाळीतल्या बहुतेक दिवसांचा जेवणाखाण्याचा प्रश्न शास्त्राने, रूढीने किंवा फराळाच्या डब्यांनी परस्पर सोडवून ठेवलेला असतो. धनत्रयोदशीला धने आणि गूळ यांचा नैवेद्य असतो आणि तो ठरवण्यासाठी कोणाची बैठक भरत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, म्हणजे तेल-उटणे लावून केलेली आंघोळ, उरकून पायाच्या अंगठ्याखाली कारीट नावाचे कडू फळ चिरडले की फराळाचे ताट आपोआप पुढे येते आणि कोकणात व गोव्यात त्या ताटात पोहे कधी दुधातले, कधी ताकातले, तर कधी नारळाच्या रसातले असे नाना रूपांनी अवतरतात. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्ताशांवर भागते. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि त्या बदल्यात तबकात काय पडले या विषयाची व्याप्ती एवढी मोठी असते की पानात काय पडले इकडे कोणाचे लक्ष जात नाही. शेवटच्या दिवशी, कार्तिक शुद्ध द्वितीयेला, म्हणजेच भाऊबीजेला, मात्र शास्त्र एवढेच सांगते की भावाने त्या दिवशी आपल्या घरी न जेवता बहिणीच्या हातचे जेवावे. काय जेवावे, याबाबत ते गप्प आहे. शास्त्र जिथे गप्प बसते तिथे नातेवाईक बोलू लागतात, आणि त्या बोलण्यातून जे काही शेवटी शिल्लक राहते त्याला बेत असे म्हणतात.

बेत आणि पदार्थांची यादी या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. यादी एका व्यक्तीला कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर पाच मिनिटांत करता येते. बेताला किमान पाच व्यक्ती लागतात आणि त्यांपैकी चौघांना स्वयंपाक येत नसणे इष्ट मानले जाते, कारण ज्याला स्वयंपाक येतो तो एखादा पदार्थ सुचवताना मनातल्या मनात कांदे चिरू लागतो आणि त्यामुळे त्याच्या कल्पनाशक्तीला मर्यादा पडतात. ज्याला चहापलीकडे काही येत नाही त्याला ही अडचण नसते. 'पुरणपोळ्या कर की, त्यात काय आहे?' हे वाक्य पुरण वाटणाऱ्या माणसाने उच्चारल्याचे उदाहरण सापडत नाही.

या प्रथेचे मूळ यमद्वितीयेच्या कथेत सांगितले जाते. यम आपली बहीण यमुना हिच्याकडे गेला, तिने त्याला ओवाळून प्रेमाने जेवू घातले आणि त्याने प्रसन्न होऊन तिला वर दिला, असे या कथेचे स्वरूप आहे. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथेत यमुनेने नेमके काय रांधले होते याचा पत्ता लागत नाही आणि आजच्या यजमानिणीच्या दृष्टीने ही उणीव अक्षम्य आहे. तथापि उपलब्ध तपशिलावरून काही अनुमाने काढता येतात. पाहुणा एकटा होता, त्यामुळे 'आम्ही सात जण येतोय, की अकरा, ते उद्या सांगतो' असा निरोप त्याने पाठवला नसावा. त्याला खाण्यापिण्याचे कसलेही पथ्य नव्हते, कारण वैद्य मंडळींशी त्याचा संबंध निराळ्या कामानिमित्त येत असे. कथेत दुसऱ्या बहिणीचा उल्लेख नसल्याने तो आधी कुठेतरी जेवून आला होता असा संशय घ्यायलाही जागा नाही. मुख्य म्हणजे, जेवण झाल्यावर बोटे चाटत 'छान झालं होतं, पण आईच्या हातची चव काही औरच' असे तो बोललेला नाही. बोलला असता तर वरदानाऐवजी कथेचा शेवट काही वेगळाच झाला असता.

पाकशास्त्रावरील ग्रंथांचा आधार घ्यावा, तर तिथेही पदरी निराशाच येते. ग्रंथ कमी आहेत असे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे आणि शेतातल्या उंदरांचा पाकविधी सांगतानाही ग्रंथकाराने संकोच केलेला नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' रचले. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून आले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र' लिहून हजार पाकक्रिया एका पुस्तकात बसवल्या आणि १९७० पासून कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने कित्येक नवविवाहितांना वाटी-चमच्याच्या हिशेबाने तारून नेले. परंतु राजा पाटावर बसला असता त्याच्या आत्याने 'आमच्याकडे आमटीत गूळ नाही हो घालत' असे म्हटल्यास आचाऱ्याने काय करावे, याचे मार्गदर्शन सोमेश्वर करत नाही. हजार पाकक्रिया ठाऊक असणे तर अशा प्रसंगी अपायकारकच ठरते, कारण प्रत्येक पदार्थाला हरकत घेणारा एक तरी आप्त असतोच आणि हजार पदार्थ सुचले तर हरकतीही हजार ऐकून घ्याव्या लागतात.

या विषयाच्या अभ्यासकाबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. हा अभ्यासक बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो, त्याचे अध्ययन दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून चालते आणि त्यामुळेच आपली निरीक्षणे निःपक्षपाती आहेत अशी त्याची समजूत असते. त्याच्या हातून क्षेत्रीय काम मुळीच घडत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 'काही मदत करू का?' हा प्रश्न तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दर वर्षी विचारतो आणि प्रश्नाची वेळ अशी अचूक साधतो की शेवटची कढई घासून ओट्यावर पालथी पडलेली असते.

बेताच्या प्रक्रियेला प्रारंभ होतो तो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर. समजा, ठाण्याची, डोंबिवलीची किंवा कोथरूडची एखादी बहीण वसुबारसेच्या आसपास तिथे लिहिते, 'भाऊबीजेला रात्री सगळे आमच्याकडे. काय करू?' या साध्या प्रश्नाला जी उत्तरे येतात ती सर्वत्र सारखीच असतात. एक भाऊ पणतीचे हलते चित्र पाठवतो, एक वहिनी तीन अंगठे दाखवते, एक मामा 'गाडी कुठे लावायची?' असे विचारतात आणि उरलेले सर्वजण एकमुखाने 'काहीही चालेल' असे कळवतात. अननुभवी यजमानीण हे उत्तर संमती समजते. वस्तुतः ही हरकतीची केवळ आगाऊ नोंदणी असते. प्रस्ताव आल्याखेरीज हरकत घेता येत नाही, म्हणून प्रस्ताव येईपर्यंत सर्वांना काहीही चालते. पहिला प्रस्ताव मांडताच होणारा संवाद साधारणपणे असा असतो:

'मग पुरणपोळी करते.'

'अगं, कशाला एवढा घाट घालतेस? दिवसभर पुरणातच जाईल तुझा.'

'श्रीखंड-पुरी?'

'दसऱ्यालाच झालं की गं सगळ्यांकडे.'

'बरं, बासुंदी.'

'रात्रीची जड नाही का होणार?'

'मग गुलाबजाम मागवते बाहेरून.'

'बाहेरून?'

या अखेरच्या एकशब्दी उद्गारानंतर समूहावर जी शांतता पसरते ती कोणी मोडत नाही आणि यजमानीण मुकाट्याने बासुंदीसाठी जादा दूध सांगून ठेवते. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतचा काळ जेमतेम तीन आठवड्यांचा असल्याने श्रीखंडावरील आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र दिवाळीचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ तीच चकली आणि तोच चिवडा खाणाऱ्या मंडळींनी पुनरुक्तीचा दोष काढावा, हे तर्कदृष्ट्या थोडे विचित्र आहे.

यानंतर पथ्यांचा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ वैद्यकीय नसून पंचांगाशीही निगडित आहे. चातुर्मास, म्हणजे आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा व्रतांचा काळ, पाळणारी माणसे या अवधीत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य मानतात. त्यासाठीच ती आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे होतील तेवढे प्रकार खाऊन घेतात. भाऊबीज येते ती हा काळ संपायला बरोबर नऊ दिवस उरलेले असताना. घरात एक जरी चातुर्मास पाळणारी काकू असेल, तर कांद्यावाचून घास न उतरणारे बाकीचे नऊजण अल्पमतात जातात, कारण व्रताला भुकेपेक्षा अधिक मते असतात. भरल्या वांग्यांची स्थिती याहून बिकट आहे. खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे अशा अनेक घरांत वांगे थेट चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यानंतरच पुन्हा खायला सुरुवात होते, त्यामुळे भाऊबीजेला भरली वांगी सुचवणारा पाहुणा एक तर नास्तिक असतो किंवा नवा जावई.

ज्या घरांत मासे-मटण चालते तिथे बेत सोपा असेल, असा एक गैरसमज शाकाहारी अभ्यासकांत प्रचलित आहे. तिथे वाराचा पेच पडतो. २०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी आली आणि अशा घरांतील भावांनी तो ईश्वरी संकेत मानला. २०२५ साली ती २३ ऑक्टोबरला, गुरुवारी आली आणि गुरुवार पाळणाऱ्या आईपुढे त्याच भावांना पनीरचे चौकोन मोजत बसावे लागले. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा असे वार वाटून दिल्यावर बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच मटणाच्या वाट्याला उरतात. त्यातही शुक्रवार धरणारी एखादी आत्या निघतेच. भाऊबीज कोणत्या वारी यावी हे तिथीवर अवलंबून असल्याने या बाबतीत कोणाकडे तक्रारही करता येत नाही, तरी कालनिर्णय उलटेपालटे करून पाहणारे काका प्रत्येक घरात असतात.

पंचांगातून सुटलेल्या पाहुण्यांना आधुनिक आहारशास्त्र गाठते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेल्या, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, या पद्धतीचे अनुयायी मराठी कुटुंबांत विपुल आहेत आणि त्यांच्यामुळे यजमानिणीला जेवणाच्या बेताबरोबर वेळेचाही बेत करावा लागतो. मध्ये काहीही तोंडात टाकले की इन्सुलिन स्रवते, हे या पद्धतीमागील सूत्र असल्याने एखाद्या भावोजींनी साडेसातला आल्या आल्या आग्रहाखातर करंजीचा तुकडा मोडला की त्यांचे घड्याळ चालू होते. त्यानंतर ओवाळायचे असते. त्यासाठी निरांजन सापडायचे असते. निरांजन सापडले की काडेपेटी हरवते. भावांचा धाकटा रस्त्यातल्या वाहतुकीत अडकलेला असतो आणि त्याच्यावाचून ओवाळणे धाकट्या बहिणीला मान्य नसते. पाने वाढली जातात तेव्हा भावोजींचे पंचावन्नावे मिनिट केव्हाच उलटून गेलेले असते. अशा वेळी ते शास्त्राशी तडजोड करतात आणि दोन तासांचे पंचावन्न मिनिटांत रूपांतर कसे होते, याचे विवेचन दुसरी पुरी घेता घेता ऐकवतात.

मधुमेही पाहुण्यांचा वर्ग प्राचीन आणि प्रतिष्ठित आहे. या वर्गातील मामा 'माझ्यासाठी काही वेगळं करू नकोस, मी गोड खातच नाही' असे आठ दिवस आधी आवर्जून कळवतात. या वाक्याचा अर्थ यजमानीण बरोबर ओळखते आणि त्यांच्यासाठी खजूर-अंजिराची बिनसाखरेची खीर वेगळी करते. प्रत्यक्ष पानावर मामा त्या खिरीची तोंडभर स्तुती करतात, 'सणाचा दिवस आहे, एवढ्याने काय होतंय?' असे म्हणत बासुंदीच्या तीन वाट्या संपवतात आणि उठताना एक गोळी जास्त घेतात. खीर तुळशीच्या लग्नापर्यंत शीतकपाटात राहते.

याहून नाजूक प्रकरण परदेशातून आलेल्या भाचीचे असते. ती प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ खात नाही, हे तिची आई एक महिना अगोदर फोनवर सांगते. परंतु घरातील आजीपर्यंत ते टप्प्याटप्प्याने पोहोचते.

'दूध चालत नाही? मग तिला भातावर तूप जरा सढळ वाढा.'

'तूपही नाही, आजी.'

'बरं, मग ताक देऊ.'

'ताकसुद्धा नाही गं.'

'कडक दिसतोय उपास,' असा निष्कर्ष काढून आजी साबुदाणा भिजत घालायला सांगते आणि रात्री भाचीच्या पानात भरपूर साजूक तुपात परतलेली खिचडी येते. भाची ती खाते. तत्त्वाचा आणि आजीचा सामना झाल्यास काय होते याबद्दल परदेशातील विद्यापीठांत पुरेसे शिकवले जात नाही, एवढाच याचा अर्थ.

तरुण पिढी या सर्व गुंत्यावर एक उपाय दर वर्षी नव्या उत्साहाने मांडते, तो म्हणजे पावभाजी. एका पातेल्यात काम होते, सर्वांना आवडते आणि मागे भांडीही कमी पडतात, असे तिचे तीन मुद्दे असतात. पहिला मुद्दा चातुर्मासापुढे टिकत नाही, कारण कांद्या-लसणावाचून केलेली पावभाजी ही उकडलेल्या भाज्यांची शोकसभा होते. दुसरा मुद्दा 'ओवाळून घेतलेल्या भावाच्या पानात पाव वाढणार?' या आजीच्या प्रश्नापुढे टिकत नाही. भांड्यांच्या मुद्द्याला तर भांडी घासणाऱ्यांखेरीज कोणी महत्त्वच देत नाही. अखेरीस तडजोड म्हणून मुलांसाठी पनीर बटर मसाला मान्य होतो आणि तिथून पानाच्या भूगोलाचा प्रश्न सुरू होतो.

मराठी पद्धतीच्या पानाला, म्हणजे वाढलेल्या ताटाला, निश्चित रचना असते. वर मध्यभागी मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या व आमटी, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण व तूप, ही मांडणी घरातील जुनी माणसे डोळे मिटूनही सांगू शकतात. डाव्या बाजूचे पदार्थ बेताबेताने आणि तोंडी लावण्यापुरते वाढायचे, उजव्या बाजूचे पुन्हा पुन्हा वाढायचे, असा संकेत आहे. पनीर बटर मसाला या नकाशावर कुठेच बसत नाही. तो उजवीकडे वाढला तर अळूच्या फदफद्याचा अपमान होतो, डावीकडे वाढला तर मुले चमचाभरावर भागवणार नाहीत आणि वाटीत घालून पानाबाहेर ठेवला तर त्या वाटीला पाय लागण्याचा धोका असतो. वाढपी मुलगी पातेले घेऊन उभी राहते आणि विचारते, 'आजी, हे कुठे वाढू?' आजी म्हणते, 'जिथून आणलंस तिथे.' पुढे असे दिसून येते की मुलांनी फराळावर यथेच्छ ताव मारलेला असल्याने ती पनीरकडे पाहतही नाहीत आणि 'टाकायला नको' या व्यापक राष्ट्रीय भूमिकेतून ते दोन काका आणि एक चातुर्मासवाली काकू मिळून संपवतात. त्यात कांदा होता हे काकूंना कोणी सांगत नाही आणि काकूही विचारत नाहीत.

आतापर्यंत केवळ एका घराचा विचार झाला. भाऊबीजेच्या बेताची खरी गुंतागुंत मात्र घराघरांमधील आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांनी दुर्लक्ष केलेले आहे. जेवायला बोलावणाऱ्या बहिणीचा नवरा हादेखील कोणाचा तरी भाऊ असतो, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाच्या दर वर्षी नव्याने ध्यानात येते. बायकोचे भाऊ घरी येत असताना त्याला स्वतःच्या बहिणीकडे जायचे असते; त्या बहिणीच्या नवऱ्यालाही बहीण असते; येणाऱ्या भावांच्या बायकांना आपापल्या भावांना ओवाळायचे असते. ही साखळी तर्काने शेवटपर्यंत नेली तर भाऊबीज एका दिवसात होणे तत्त्वतः अशक्य आहे असेच सिद्ध होते, आणि म्हणूनच ती पुढच्या रविवारपर्यंत, क्वचित त्याच्याही पुढच्या रविवारपर्यंत, हप्त्याहप्त्याने साजरी होते.

ज्या भावाला तीन बहिणी आहेत आणि ज्याने तिघींनाही एकाच दिवशी 'येतो' असा शब्द दिलेला आहे, त्याची अवस्था विशेष अभ्यासनीय ठरते. दुपारी थोरलीकडे जेवण, संध्याकाळी मधलीकडे 'नुसता चहा' आणि रात्री धाकटीकडे जेवण, असा त्याचा कार्यक्रम असतो. चहाबरोबर अळूवडी, दहीवडे आणि मसालेभात असतो हे वेगळे सांगायला नको. तिघी बहिणी आदल्या दिवशी एकमेकींना फोन करतात. 'काय करतेयस गं?' या प्रश्नाला 'काही विशेष नाही, साधंच आपलं' असे उत्तर मिळते. दोन गोड पदार्थ, एक तळणीचा प्रकार, मसालेभात आणि कटाची आमटी, म्हणजे पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीवरील पाण्याची, कटाची, केलेली आमटी, एवढ्या सगळ्याला साधंच म्हणण्याचा प्रघात आहे. खरा बेत तिघींपैकी एकही फोडत नाही. दुसरी काय करणार नाही याचा प्रत्येकजण आपल्याशी कसून विचार करते, आणि तिघींची बुद्धी एकाच आईकडून आलेली असल्याने अनुमानही एकच निघते. परिणामी भावाला दुपारी बासुंदी, संध्याकाळी बासुंदी आणि रात्री केशर घातलेली बासुंदी मिळते.

त्या दिवशीच्या स्वयंपाकाचे वर्णन विस्ताराने करण्याचे कारण नाही; तो व्हायचा तसाच होतो. बासुंदीचे दूध निम्म्यावर आले की सिलिंडर संपतो, दुसरा सिलिंडर जोडेपर्यंत तळाला लागते आणि मग वेलदोड्याचे प्रमाण दुप्पट करावे लागते. पाहुण्यांचा आकडा सकाळी नऊ, दुपारी अकरा आणि संध्याकाळी 'शेजारचे दोघं एकटेच आहेत गं बिचारे' या माहितीनंतर तेरा होतो. एक वहिनी काजूकतलीचा पुडा आणतात आणि तो आताच फोडावा असा हट्ट धरतात. पुड्यावर खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरून तो याच घरातून पाडव्याला बाहेर पडला होता असे उघडकीस येते, परंतु त्यावर कोणी बोलत नाही. पुऱ्या गरमच हव्यात असा सर्वांचा आग्रह असल्याने यजमानीण कढईपाशीच उभी असते. 'ताई, तूही बस ना आमच्याबरोबर,' असे पंगतीतला प्रत्येक भाऊ तिला कळवळून म्हणतो आणि म्हणतानाच दुसऱ्या हाताने आणखी दोन पुऱ्यांची खूण करतो.

यावर एकच उपाय शिल्लक राहतो असे विचारवंतांचे मत आहे, आणि तो म्हणजे साधा वरण-भात, एक भाजी, एक कोशिंबीर आणि पापड. हा उपाय कोणी करून पाहिलेला नाही असे नव्हे. अशा घरात त्या रात्री सर्वांनी पोटभर जेवून 'किती दिवसांनी काहीतरी पोटाला बरं असं खाल्लं' अशी ग्वाही दिली होती. भांडी कमी पडली होती. यजमानीण पहिल्या पंगतीला बसली होती. त्यानंतर त्या घरातील प्रत्येक लग्नकार्यात, बारशात आणि वास्तुशांतीत हा प्रसंग 'त्या वर्षी वन्संनी भाऊबीजेला वरण-भातावर भागवलं होतं, पण असो, जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे करतो' अशा शब्दांत उद्धृत केला जातो. त्या यजमानिणीने पुढल्या वर्षी पुरणपोळी, श्रीखंड आणि जिलेबी असे तीन गोड पदार्थ केले, आणि तेव्हा मंडळी म्हणाली, 'अगं, साधा वरण-भात केला असतास तरी चाललं असतं.'

सबब वाचकांपैकी ज्यांना बहिणीचे आमंत्रण आलेले असेल त्यांना एवढीच विनंती, की किती जण येणार हे आदल्या रात्री आठच्या आत कळवावे, दुपारी थोरलीकडे काय खाल्ले ते रात्री धाकटीला सांगू नये आणि बासुंदी नको असल्यास दूध गॅसवर चढण्यापूर्वी तसे बोलावे. दूध निम्म्यावर आल्यानंतर पोहोचलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.